शेपटीवरचा नंबर

मी जिच्यात बसेन त्या प्रत्येक रिक्षाचा नंबर
नाना टिपून ठेवायचे.
गंगाखेड आगारात वाहतूक नियंत्रक.
बत्तीस वर्षं खिडकीत बसून
एस्ट्यांची आवक-जावक लिहिली.
जिची नोंद नाही ती गाडी
त्यांच्या लेखी सुटलेलीच नव्हती.

मी बहारीनला निघाले तेव्हा फोनवर म्हणाले,
नंबर सांग.
विमानाला कुठला नंबर, नाना?
असल्याबिगर राहतंय का? मागं बघ की.
होता. शेपटीजवळ, व्ही टी आणि पुढे तीन अक्षरं.
बोगद्याच्या काचेला नाक लावून वाचला,
मागचे प्रवासी खोळंबले.

हा नाद तिथला.

आता शुक्रवारी पहाटे मुहर्रकला,
गलालीच्या अंगाला, भराव घातलेल्या किनाऱ्यावर
मी घडीची खुर्ची मांडते.
आठवडाभर लोकांचं रक्त तपासते, सुट्टीला हे.
लेन्स जुनी घेतलेली, एका घर मोडून निघालेल्या
फिलिपिनो जोडप्याकडून,
तिच्या पट्ट्यावर अजून त्यांच्या मुलाचं नाव.
साडेसातच्या आत मिळेल तेवढं आपलं.
पुढे ऊन चढतं, धावपट्टीवरची हवा उकळते,
आणि फोटोत विमान येतं
पाण्यातून काढलेल्या कागदासारखं,
अक्षरं फुगलेली.

अबू नासर माझ्या आधी आलेले असतात.
गाडीच्या टपावर थर्मास, खजुराचा डबा.
जन्मभर इंजिनं उघडली,
आता नजरेच्या मधोमध काळा डाग.
कडेकडेनं दिसतं म्हणतात,
म्हणून माझ्याशी बोलताना समुद्राकडे बघतात.
"बद्मजा," (त्यांच्या जिभेला प नाही)
"म्हातारं आहे हे. डावं इंजिन खोकतंय."
मी नंबर वाचते, ते मान हलवतात.

कधी गस्तीची गाडी थांबते.
पोरगेला पोलीस कॅमेरा मागतो, फोटो मागेमागे सरकवतो.
अबू नासर त्याच्या आजोबांची चौकशी करतात.
सगळ्यांचे आजोबा त्यांना माहीत.
दोन खजूर घेऊन तो जातो,
जाताना एवढंच: लेन्स आभाळाकडे ठेवा.

नोव्हेंबरात एक मालवाहू उतरलं.
पांढरं, कंपनीचं नाव नाही,
खिडक्या बुजवलेल्या.
नंबर कुठल्याशा बेटाचा, मला नवा.
रात्री वहीत चढवताना
कारखान्याच्या क्रमांकावरून मागचं शोधलं, सवयीनं.
तीन मालक. तीन रंग.
अकरा महिने कुठल्याशा वाळवंटात नुसतं उभं.
आणि सगळ्यांच्या आधी
व्ही टी, आणि तीच अक्षरं.

माझी जागा सतरा ए होती.
फोटो मोठा करत नेला, आणखी मोठा,
पंखाच्या वर रंगाखाली
गोल कोपऱ्यांचा एक चौकोन, किंचित दबलेला.
तो सतरावाच असेल असं नाही.

नानांना जाऊन सहा वर्षं झाली.
त्यांच्या वह्या भावानं रद्दीला घातल्या,
त्याच्यावर मी रागावलेही नाही,
त्यालाही घरात जागा हवी होती.

पुढच्या शुक्रवारी अबू नासरना सांगितलं.
ते बराच वेळ समुद्राकडे, म्हणजे माझ्याकडे,
बघत राहिले.
मग म्हणाले, "इंजिनं बदललेली आहेत त्याची.
आवाज तो नव्हता."
"तुम्हाला काय माहीत तेव्हाचा आवाज?"
"बरोबर आहे," म्हणाले, आणि चहा ओतला.

वहीत मी नानांच्यासारखे रकाने आखलेत.
गाडी क्रमांक. आगमन. शेरा.
शेऱ्यात ते दोनच शब्द लिहीत,
वेळेवर, नाहीतर उशिरा.
तिसऱ्याची गरज त्यांना पडली नव्हती.
सहा बावन्न लिहून पुढे पेन धरून बसले होते,
तेवढ्यात त्यांनी बोट वर केलं.
"हे नवं. याला आवाजच नाही. नंबर सांग."

ऊन चढलं होतं.
शेपटी हलत होती हवेत, अक्षरं एकमेकांत शिरत होती.
मी अंदाजानं सांगितला.